आनंदराव कंडक्टरचा गिलास

"सरका गा सरका, मागं जागाच जागा हाये!"

नागपूर-उमरेड-भिवापूरच्या रस्त्यावर आनंदराव कंडक्टरांनी हे वाक्य इतकं सांडलं, की ते बी असतं तर रस्त्याच्या दोन्ही कडांना आज रान माजलं असतं. मागं जागा कधीच नसे. मागं असत मिरचीच्या बोऱ्या, कॉलेजची पोरं, पिशवीतून कोंबडीचं तोंड बाहेर काढून बसलेली एखादी म्हातारी. तरी आनंदरावांनी हाक दिली की माणसं सरकत, आणि सरकली की जागा होई. कोणी कुरकुरलं, "कुठं हाये जागा, दाखवा ना कंडक्टरसाहेब," तर तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दांड्यावर वाजवून ते म्हणत, "जागा दिसत नसते गा, होत असते."

एकच वाक्य, पण त्याच्या चाली पुष्कळ. स्टँडवर ते गडगडाटासारखं यायचं. पोरांना दटावताना त्याला काटे फुटायचे. आणि दिवसभर मिरची खुडून हाताची आग आग झालेली एखादी बाई संध्याकाळच्या गाडीत चढली, तर तेच वाक्य ते इतक्या हळू म्हणत, की एखादा तरणा आपणहून उठे आणि बाई बसे. बसल्यावर तिला कळायचंही नाही की ही जागा कोणी करून दिली.

सवय वाईट. लग्नाच्या पंगतीत तेच, देवळाच्या रांगेत तेच. एकदा मयतीच्या घरी दारात गर्दी झाली आणि तिथंही तोंडातून तेच निसटलं. लोकांनी माना खाली घालून हसू दाबलं. रुखमाबाई, त्यांची बायको, त्या दिवशी घरी येऊन कडाकडा भांडली.

"तुमच्या तोंडाले ब्रेक नाई का जी?"

"ब्रेक डायवरकडं असते वं," आनंदराव म्हणाले. "माह्याकडं नुसती घंटी."

ते खरं होतं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांच्या गाडीवर नानाजी नावाचे ड्रायव्हर होते. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या, आणि मध्ये माणसांची भिंत. दोघांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे दोरीला बांधलेली घंटी. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. दोरी तुटलेली गाडी मिळाली, तर आनंदराव चिमट्यानं पत्र्यावर ठोकत. नानाजींनी कधी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

निवृत्त होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. उमरेडच्या घराच्या अंगणात सकाळी चहा पिताना आनंदरावांचा कप उजव्या हातातून मांडीवर कलंडला. ते ओरडले नाहीत. चहा दुसऱ्याच कोणावर सांडला असावा, तसं त्यांनी रुखमाबाईकडे पाहिलं. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हे:

"सरका गा सरका, मागं जागाच जागा हाये."

"काय सरका? पोळलं ना तुम्हाले!" म्हणत ती फडका घेऊन धावली. तिला वाटलं, थट्टा चालली आहे. मग तिनं त्यांचं तोंड पाहिलं. एका बाजूनं ते उतरत होतं, पाऊस खाल्लेल्या मातीच्या भिंतीसारखं.

नागपूरच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धे गेले, अर्धे राहिले. बोलणं मात्र सगळं गेलं. उरलं ते एक वाक्य, अख्खं, कुठं पोचा न पडलेलं. शिवाय 'हो'. आणि दोन शिव्या, त्याही अगदी स्वच्छ. भूक लागली तरी सरका गा सरका, पाठ खाजली तरी सरका गा सरका. डोळे एक सांगत, तोंड दुसरंच गाई, आणि आपलं तोंड काय म्हणालं ते कानांना कळलं की आनंदराव डाव्या मुठीनं कपाळ बडवून घेत.

पोरगा धर्मेंद्र बुटीबोरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्यानं दोघांना नागपूरच्या कडेला, बेशाच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, लिफ्ट, न्हाणीत गरम पाण्याचा नळ. सून दामिनी घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करायची आणि मधे उठून सासूच्या हातातली भाजी चिरायला घ्यायची. पोरगी गुणाची होती. हॉलमध्ये खिडकीशी लोखंडी पलंग मांडला, उशाच्या बाजूला स्टूल, स्टुलावर स्टीलचा गिलास.

बोलणं शिकवायला आठवड्यातून मिनल नावाची पोरगी येई. चित्रं दाखवी, ओठ कसे मिटायचे ते दाखवी. पहिल्याच दिवशी तिनं रुखमाबाईला समजावून सांगितलं.

"काकू, शब्द मेले नाहीत. आपण बोलतो तेव्हा आधी मनात गोष्ट उगवते. मग तिला साजेसा शब्द शोधावा लागतो. मग तो ओठांपर्यंत पोचवावा लागतो. ही वेगवेगळी कामं आहेत, पण इतक्या झटकन होतात की आपल्याला एकच वाटतं. काकांच्या मनात गोष्ट उगवते. पुढचा पूल खचलाय."

"मंग ते एक वाक्य कसं येते?"

"ते घासून घासून इतकं गुळगुळीत झालंय की त्याला शोधावं लागत नाही. आरती, पाढे, शिव्या, असं सगळं वेगळ्या वाटेनं येतं. बोलायला गेलं की तेच आधी धावतं." चित्रं पिशवीत भरता भरता तिनं आणखी एक सांगितलं, "आणि त्यांच्या 'हो'वर जाऊ नका. नाही म्हणायचं असलं तरी 'हो' निघेल, आणि मानही तोंडामागे डोलेल. त्यांचे हात पाहत जा. हात कधीकधी खरं बोलतो."

रुखमाबाईला पूल कळला. तिच्या माहेरी नाल्याला पूर आला की पलीकडे अडकलेली गुरं दिसायची. हंबरायची, अलीकडच्या माणसांना ओळखायची. पण आणता यायची नाहीत. माणसं या काठावर उभी राहून नुसती हाका मारायची. हातांचं मात्र ती विसरली. घरात सगळेच विसरले. 'हो' फार सोयीचा होता.

पुढच्या खेपेला मिनलनं विचारलं, काका रोज पाठ म्हणायचे असं काही आहे का? रुखमाबाई म्हणाली, "माह्या माणसाले एकच पाठ हाये," आणि तिनं सुरुवात करून दिली, "नागपूर..."

आनंदरावांच्या चेहऱ्यावर कुठला तरी दिवा लागला. "नागपूर, दिघोरी, विहीरगाव, पाचगाव, चांपा, उदासा, उमरेड." एका दमात. दामिनी कानाचा हेडफोन काढून धावत बाहेर आली. धर्मेंद्र त्या दिवशी घरी होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण मधला एखादा शब्द उचलून आण म्हटलं तर येत नसे. पाचगावला कोणी अडवलं की गाडी पुन्हा नागपूरला, तिथून पुन्हा सुरू. तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी ती माळ चाले. दर वेळी शेवटी ते उमरेड म्हणत आणि थांबून समोरच्याकडे पाहत. समोरचा म्हणे, "शाबास!"

दिवस जात होते, आणि रुखमाबाई थकत होती.

अंग थकतं ते थकतंच. त्यांना उठवणं, न्हाणीत नेणं, घास भरवताना उजव्या गालात अडकलेला भात बोटानं काढणं. पण हा थकवा वेगळा होता. ती दोघांचं बोलत होती. त्यांच्या मनातलं ओळखायचं, त्याला शब्द लावायचे, मग मोठ्यानं विचारायचं, "पंखा पाहिजे का? खिडकी लावू का? पाठ दुखून राहिली का?" एकेका गोष्टीसाठी दहा दारं ठोठावायची. संध्याकाळपर्यंत तिचे शब्द संपून जात. दामिनी विचारी, "आई, रात्री काय करू?" आणि रुखमाबाईला वांगं डोळ्यांसमोर दिसे, त्याचं देठ दिसे, काटे दिसत, नाव येत नसे. "ते... जांभळं," ती म्हणे. मग बसल्या जागी घाबरे. रोग असा हाताला लागून येतो की काय?

आणि त्यात तो गिलास.

आनंदरावांनी एक नवंच धरलं होतं. डाव्या हातानं रिकामा गिलास उचलायचा आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवायचा. टण्. घरात जो असेल तो धावायचा, गिलास भरून आणायचा. आनंदराव पाण्याकडे पाहत, आणणाऱ्याकडे पाहत, आणि शिवी देत. मग पिऊन टाकत. गिलास रिकामा झाला की पुन्हा टण्.

"आत्ताच तर देल्लं पाणी!" रुखमाबाई म्हणे.

"सरका गा सरका."

कधी दोनदा वाजे, टण् टण्. तेव्हा दामिनी म्हणे, "आज जास्त तहान आहे," आणि तांब्याच उशाशी आणून ठेवी. भरलेला गिलास वाजत नाही. तेव्हा बोलायचं तर आधी प्यायला हवं, असा तो न्याय होता. दामिनीनं डॉक्टरांना विचारून साखर तपासून घेतली. साखर ठीक निघाली. पाणी जास्त म्हणून न्हाणीच्या खेपा जास्त, आणि त्या सगळ्या रुखमाबाईच्या खांद्यावरून.

थंडी पडायला लागली तेव्हा धर्मेंद्रनं उमरेडच्या घराची गोष्ट काढली. बंद घराला वाळवी लागते. एक गुरुजी बायको-पोरांसह राहायला यायला तयार होते. आईबाबा आता इथंच, बेशाला.

"बाबा, इथंच राहता ना आमच्यासंगं?"

"हो," आनंदराव म्हणाले. मान डोलली. डाव्या हातानं गिलास उचलला. टण्.

"आई, पाणी," धर्मेंद्र म्हणाला.

रुखमाबाईनं पाणी आणून दिलं, आणि खरं सांगायचं तर तिच्या पाठीचा मणका त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला. उमरेडला परत जायचं नाही. अंगणातली न्हाणी नको, दोन पायऱ्यांवरून त्यांना ओढणं नको. बेशाला ती दुपारी घटकाभर डोळे मिटायची आणि कोणी हाक मारत नसे. पुढच्या रविवारी धर्मेंद्र जाऊन गुरुजींना किल्ली देणार होता.

त्याच्या आधीच नानाजी ड्रायव्हर भेटायला आले. उमरेडला ते दोन घरं सोडून राहत. डोक्याला मफलर, हातात भिवापूरच्या मिरच्यांची पिशवी. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि दवाखान्यात भेटायला येणारे लोक बोलतात तसलं एक अक्षरही बोलले नाहीत.

"काय गा आनंद्या, इथं चौथ्या मजल्यावर गाडी लावली? खाली उतरवाचं कसं मंग?"

"सरका गा सरका, मागं जागाच जागा हाये!" आनंदराव अर्ध्या तोंडानं हसले.

"तुह्या मागं कधी जागा होती बे?"

मग नानाजी एकटेच बोलत राहिले. डेपोत कोण आलं, कोण गेलं, उदाशाजवळ नवं डांबर टाकलं ते कसं उखडलं. चहा झाला. रुखमाबाई स्वयंपाकघरात कप विसळत होती. बाहेर नानाजींची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चाल बाप्पा, निघतो. साडेपाचची भेटते का पाहतो."

टण्.

तिनं ओल्या हातानंच दुसरा गिलास भरायला घेतला. आणि बाहेरून नानाजींचं हसणं आलं, खुर्ची पुन्हा ओढल्याचा आवाज आला.

"बरं बरं, थांबतो गा. आणखी कोणी उतराचं हाये का?"

काही वेळ गप्पा. मग पुन्हा, "आता जाऊ?"

टण् टण्.

"हा, आता कसं!" नानाजी म्हणाले. चप्पल घातल्याचा आवाज, दार, लिफ्ट.

नानाजींना आपण काही ओळखलं आहे असं वाटलंसुद्धा नसेल. ती त्यांची रोजची भाषा होती. रुखमाबाई मात्र ओट्याशी भरला गिलास हातात घेऊन उभी राहिली. नळ चालूच होता. तो बंद केला, गिलासातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामिनी आतल्या खोलीत कामाला बसली होती. रुखमाबाईनं रिकामा गिलास त्यांच्या डाव्या हातात दिला.

"अजी, मी रुखमाच ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. टण् टण्.

"मी दामिनी होय?"

टण्. अर्धं तोंड हसलं.

"चहा मांडू?" टण् टण्. "साखर टाकू?" टण्. साखर त्यांनी जन्मात सोडली नव्हती. ती म्हणाली, "खोटे नाई ना बोलून राहिले?" टण्, आणि आनंदरावांचे खांदे हसण्यानं हलायला लागले. इतक्या महिन्यांनी नवरा-बायको बोलत होते. तीही हसली. पदर तोंडाला लावून हसली, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून.

मग तिनं विचारलं. विचारायलाच हवं होतं असं काही नव्हतं, पण विचारलं.

"आता इथंच राहाचं ना जी? बेशाले?"

टण्.

तिला वाटलं, हात चुकला. "उमरेडले जाचं?"

टण् टण्. आणि थांबून त्यांनी ते आणखी एकदा वाजवलं, सावकाश.

तेव्हा तिला ती माळ आठवली. नागपूर, दिघोरी, विहीरगाव... दिवसातून इतक्यांदा हा माणूस तेवढ्या गावांची धूळ खात उमरेडला पोचायचा आणि आपल्याकडे पाहायचा. आणि आपण शाबास म्हणायचो.

ती उठली आणि खिडकीशी गेली. खाली नवी नवी घरं, अर्धे बांधलेले पिलर, त्यापलीकडे कुठं तरी उमरेडचा रस्ता. तिला दया आली नाही. राग आला. पाय पसरून बसावं असं एक ठिकाण या वयात सापडलं होतं. तिला कोणी विचारलं होतं का कधी, तुले कुठं राहाचं म्हणून? तिच्या हातात ना घंटी, ना गिलास.

ती कोणाला काही बोलली नाही.

संध्याकाळी धर्मेंद्र घरी आला. घराची गोष्ट निघाली, गिलास वाजला. टण्. दामिनी उठायला लागली तशी रुखमाबाई म्हणाली, "राहू दे वं, मी देतो." तिनं पाणी भरून आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. या वेळी जाणून ठेवलं. आनंदरावांनी शिवी दिली नाही. तिच्या डोळ्यांत पाहत त्यांनी ते पाणी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवलं, आणि गिलास आवाज न करता स्टुलावर ठेवला.

त्यानंतर त्यांनी तो वाजवलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मिनल आली तेव्हा माळसुद्धा म्हणाले नाहीत. मिनल म्हणाली, "थकलेत बहुतेक. होतं असं."

"आई, बाबांची तहान कमी झाली," दामिनी म्हणाली. "औषध लागू पडलं वाटतं."

न्हाणीच्या खेपा कमी झाल्या. दुपार निवांत झाली. रुखमाबाई आडवी पडली आणि तिला झोप आली नाही.

रविवारी धर्मेंद्र कपडे करून बाहेर आला. किल्ली हातात, गाडीची चावी हातात. जाता जाता पलंगाजवळ थांबला.

"बाबा, गुरुजींले किल्ली देऊन येतो. चालते ना?"

"हो," आनंदराव म्हणाले. मान डोलली. हात चादरीवर पडलेला होता, तो हललाही नाही.

"येतो मग."

"थांब," रुखमाबाई म्हणाली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तसं नाई विचाराचं."

तिनं स्टुलावरचा गिलास उचलला. त्यात बुडाशी पाणी होतं, ते कुंडीत ओतलं. रिकामा गिलास नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. "आता विचार."

"काय विचारू? किल्ली देऊ का, बाबा?"

आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं. टण्.

"पाणी पाहिजे त्याईले, आई."

"पाणी नाई. कंडक्टरचा पोरगा ना तू? एक घंटी वाजली का काय करते गाडी?"

धर्मेंद्र तसाच उभा राहिला. लहानपणी तो नानाजींशेजारी इंजिनाच्या गरम झाकणावर बसून शाळेच्या सुट्टीत भिवापूरपर्यंत गेला होता. त्यानं किल्ली खिशात घातली. पलंगाच्या कडेवर बसला. "बाबा... उमरेडले जाचं तुम्हाले?"

टण् टण्.

दामिनीनं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई. आणि मी तांब्या भरून आणत होती."

"तुले केव्हापासून माहीत हाये, आई?" धर्मेंद्रनं विचारलं.

"नानाजी येऊन गेले तेव्हापासून."

"मंग बोलली काहून नाई?"

रुखमाबाई चादरीची सुरकुती ओढून नीट करू लागली. दामिनीनं एकदा सासूकडे पाहिलं, आणि नवऱ्याचा हात हळूच दाबला. त्यानं तो प्रश्न सोडला. मग म्हणाला, "पण तिथं कोण करन यांचं? तू एकटी?"

"करीन ना. दुसरं कोण हाये?" ती म्हणाली. आवाज सपाट होता, स्टँडवरच्या फळ्यासारखा.

टण्.

तिघांनीही वळून पाहिलं.

"काय नाई?" रुखमाबाई म्हणाली. "मी करू नको?"

टण्.

"मी संगं येऊ ना पण?"

टण्.

हे लागलं. बरोबर छातीत लागलं. "वा रे वा! एवढं हागणं-मुतणं काढलं, आता मी नको? मंग कोण करन, तुमचा बाप येन का वरून?"

आनंदरावांनी तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, कपाळावर शिरा आल्या. नाल्यापलीकडे सगळी गुरं काठाशी येऊन उभी होती, दिसत होती. आणि आलं ते तेच.

"सरका गा सरका, मागं जागाच जागा हाये."

पण चाल ती होती. रुखमाबाईनं ती चाल एकदाच ऐकली होती. फार वर्षांपूर्वी, धर्मेंद्र पोटात असताना, संध्याकाळच्या गाडीत ती अवघडून दांड्याला धरून उभी होती, आणि मागून हा आवाज आला होता, असाच हळू. कोणी तरी उठलं होतं. ती बसली होती.

ती पलंगाच्या दुसऱ्या कडेवर बसली. पदरानं तोंड पुसलं.

धर्मेंद्रनं नानाजींना फोन लावला. नानाजींचा आवाज फोनबाहेर सगळ्या घरात पसरला. "अरे, त्यात का विचाराचं? माही सून रांधून देईन. आनंद्याले उचलाले माह्या हातात अजून स्टेरिंगचा जोर हाये. वहिनीले म्हणा, झोप काढ निवांत. संक्रांतीले ये म्हणा. नाई जमलं त मी परत आणून सोडीन लेकाले, पार्सल करून."

गुरुजींनाही फोन करून नकार कळवला.

घेऊन जायला नानाजी स्वतः आले. धर्मेंद्र गाडीनं सोडतो म्हणाला, तर एकच घंटी. एसटीनंच जायचं. दिघोरीच्या थांब्यापर्यंत धर्मेंद्रनं सोडलं, रुखमाबाई मागं बसली होती. पिशवीत दोन सदरे, औषधं, एक शाल आणि स्टीलचा गिलास. तो तिनं आपल्या हातानं ठेवला होता, तळाशी नाही, वर.

उमरेडची गाडी आली, नेहमीसारखी भरलेली. दारात कंडक्टर एक तरणी पोरगी, खांद्याला तिकिटाचं मशीन. "घाई करू नका काका, चढा निवांत, मी घंटी मारत नाई," ती म्हणाली.

नानाजी हात द्यायला गेले. आनंदरावांनी काठीनं त्यांचा हात बाजूला केला. डाव्या हातात काठी, डावं पाऊल पुढं, उजवं मागून ओढत. एक पाऊल. थांबून श्वास. पुन्हा एक पाऊल. वळून त्यांनी पाहिलं नाही. दाराशी माणसांची दाटी होती, आणि ते दोन हातांवर आले तशी ती खणखणीत हाक आली. थोडी तिरकी, अर्ध्या तोंडाची, पण तीच.

"सरका गा सरका!"

माणसं सरकली.

"चाल आई, ऊन लागते," धर्मेंद्र म्हणाला.

"थांब गा," रुखमाबाई म्हणाली. थांब्याच्या सिमेंटच्या बाकावरून एक जण उठून गाडीकडे गेला होता, ती जागा रिकामी होती. ती तिथं बसली, पाय पसरले, आणि गाडीच्या दारात एक एक पायरी चढत जाणाऱ्या त्या पाठीकडे पाहत राहिली.